रंगनाथच्या हातची तिळाची चटणी

काशीला गेलं की तिथे एखादी वस्तू सोडून यायची असते, आणि ती आवडीची असावी लागते. हा नियम ज्याने केला त्याने माणसं फार जवळून पाहिलेली नसावीत. नाशिकहून निघालेल्या यात्रेच्या बसमधल्या मंडळींनी त्या सकाळी गंगेच्या काठावर जे काही सोडलं, त्यात सुरण होतं, अननस होता, शेपू होती. एका निवृत्त तलाठ्यांनी साखर सोडली. ती त्यांना डॉक्टरने आधीच सोडायला लावली होती. गंगेने नुसती खाली सही केली. रंगनाथ सोनवणेने दोडका सोडला, जो त्याने कळायला लागल्यापासून तोंडात घेतला नव्हता. त्याच्या बायकोने, मोहिनीने, फणस सोडला. फणस तिच्या ताटात कधीतरी कोणाच्या कोकणातल्या पाहुण्याने आणला तरच यायचा. गंगामाई अनुभवी आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग गुरुजींनी रंगनाथच्या आईला विचारलं, "आजी, तुमचं काय?"

कुसाबाई पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "दूध."

"नुसतं दूध, की..."

"दूध, दही, ताक, तूप, लोणी, चहा."

दुधाचा सगळा गोतावळा तिने एका दमात पाण्यात लोटला आणि पदर झटकून उभी राहिली. बाकीचे लोक थोडे ओशाळले. पण बस सुटायची होती, आणि त्याआधी चहा प्यायचा होता.

ज्यांनी कुसाबाईला आधी पाहिलं नव्हतं, त्यांना यात फक्त भक्ती दिसली. तिचं दात पडल्यापासूनचं रात्रीचं जेवण म्हणजे दुधात कुस्करलेली भाकरी, हे फक्त घरच्यांना ठाऊक होतं.

कुसाबाई मूळची नामपूरची. लग्न होऊन, नवऱ्याच्या नोकरीपायी चाळीस वर्षं नाशकात राहूनही तिची अहिराणी सुटली नाही, आणि तोंडाचा तिखटपणाही. मोहिनी सून म्हणून घरात आली त्या दिवसापासून कुसाबाईने तिचा एकही पदार्थ पास केला नव्हता. वरणात पाणी जास्त, भाकरीला पापुद्रा नाही, पोहे ओले, चहा म्हणजे गरम पाण्याची थट्टा. दूधवाला बहिरू तर सिडकोतल्या त्यांच्या इमारतीचा जिना चढताना खोकायचा, म्हणजे आजींनी तयारीत राहावं. ती भांड्यात बोट बुडवायची, बोट उभं धरायची, आणि थेंब ज्या वेगाने ओघळेल त्यावरून बहिरूच्या सात पिढ्यांचा हिशेब मांडायची. तिचा नवरा गोटीराम कोपऱ्यात बसून हसायचा. त्याने आयुष्यभर एकाही पदार्थाला नाव ठेवलं नाही. ते खातं घरात आधीच भरलेलं होतं.

रंगनाथने आईचा हाच गुण पोटापाण्याला लावला. सातपूरच्या एका कंपनीत तो क्वालिटी विभागात होता. येणारा प्रत्येक सुटा भाग गेजवर लावायचा, काटा बघायचा. रेषेच्या आत असला तर पास, बाहेर असला तर रिजेक्ट. वीस-बावीस वर्षं तो हेच करत आला. मग दोन हजार दोन साली कंपनीने सगळा विभागच गेजवर लावला आणि त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. तिच्यात स्वेच्छा कंपनीची होती. निरोपसमारंभात त्याला घड्याळ मिळालं. बघायला वेळ भरपूर होता, म्हणून ती भेट योग्यच म्हणायची. त्याला वाईट वाटलं का, असं लोक विचारायचे. त्याने आत डोकावून पाहिलं, तिथे काही हलत नव्हतं. त्याच वर्षी आबा, म्हणजे गोटीराम, गेले. तेव्हाही त्याने आत डोकावून पाहिलं. लोक म्हणाले, धीराचा आहे.

वर्षश्राद्ध उरकलं, काशीची यात्रा झाली, आणि घरात एक नवीन गोष्ट घडली. कुसाबाईने तक्रार करणं थांबवलं.

पहिले काही दिवस मोहिनीला वाटलं, सुख म्हणतात ते हेच असावं. भाजी करपली, तरी सासू म्हणाली, "बरी शे", म्हणजे बरी आहे. वरणात मीठ दोनदा पडलं. "बरं शे." बहिरूने दुधात किती पाणी घालावं यावरची शेवटची मर्यादा उठली, मोहिनीचा चहा फिका पडत गेला आणि रंगनाथला तो फिका लागतोय हेही कळलं नाही. कुसाबाई दिवसभर खिडकीपाशी बसायची, समोरच्या मैदानात काय चाललंय ते बघायची, आणि संध्याकाळी कोणी विचारलं की काय बघितलं, तर म्हणायची, "काही नई."

ती खायचीही नाही. दुधाशिवाय भाकरी गिळवेना, पोळी चावेना. वरणभात दोन घास. चष्मा नाकावरून घसरू लागला, कारण नाकही बारीक झालं होतं.

डॉक्टर म्हणाले, "यांना दूध द्या."

"सोडलंय," रंगनाथ म्हणाला.

"मग दही."

"तेही."

"पनीर?"

"ते तिला माहीत नव्हतं म्हणून सोडायचं राहिलं, पण नात्यातलंच आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मग तीळ द्या. कॅल्शियम भरपूर. लाडू करा."

लाडू चावणार कोण, हा प्रश्न रंगनाथने रिक्षात बसल्यावर स्वतःला विचारला. उत्तर मोहिनीने दिलं. "लाडू कशाला? ओली चटणी करा पातळशी, भाकरी बुडवून मऊ होईल. लसूण, मिरची घाला झणझणीत. त्यांच्या माहेरी तिखटाशिवाय घास उतरत नाही कोणाच्या गळ्याखाली."

"करा म्हणजे? मी?"

"मला साडेनऊला शाळेत जायचंय. तुम्हाला कुठे जायचंय?"

अशा रीतीने रंगनाथ सोनवणे वयाच्या पन्नाशीला तिळाकडे वळला.

पहिला माल बिघडला. तीळ मंद आचेवर भाजायचे असतात आणि तडतडायला लागले की लगेच उतरवायचे असतात, हे त्याने मोहिनीकडून ऐकलं होतं. पण तडतडणं म्हणजे नेमकं किती, याचं माप तिने दिलं नव्हतं. तो वाट बघत राहिला. तीळ तपकिरी झाले, मग त्यांनी त्या रंगाचीही हद्द ओलांडली. मिक्सरमध्ये लसूण, सुक्या मिरच्या, जिरं, चिंचेचा कोळ आणि कोमट पाणी घालून फिरवलं, तेव्हा झाकण उडून भिंतीवर एक नकाशा उमटला. उरलेली चटणी कडू होती. त्याने ती वाटीत घालून आईपुढे ठेवली, भाकरीचा तुकडा बुडवून दिला.

कुसाबाईने खाल्ला. "बरी शे."

"कडू नाही लागत?"

"बरी शे, रंगा." आणि वाटी बाजूला सारली.

दुसऱ्या वेळी त्याने तीळ हलकेच भाजले, निवू दिले, आधी कोरडे फिरवले, मग पाणी थोडं थोडं सोडलं. एक विचित्र गोष्ट घडली. तीळ आधी घट्ट गोळा झाले आणि मग पाणी पडता पडता अचानक पांढरेशुभ्र, सायीसारखे सैल झाले. मिरची घालायच्या आधी भांड्यात जे होतं ते थेट दूधच दिसत होतं. मोहिनी वेणी घालता घालता डोकावली.

"अहो, हे काय? दूध आणलंत?"

"तीळ आहेत."

"आईंना दाखवू नका असं. भलतंच काही वाटेल त्यांना."

त्याने घाईने मिरची घातली. चटणी गुलाबी झाली, वर लसणाची फोडणी पडली, सगळा जिना खोकला. चांगली झाली होती. खालच्या मजल्यावरच्या मैनाताई वास घेत वर आल्या आणि वाटीभर घेऊन गेल्या. कुसाबाईने एक तुकडा खाल्ला.

"बरी शे."

तिसऱ्या वेळी मीठ राहिलं. राहिलं म्हणजे खरंच राहिलं. पण वाटी पुढे सरकवताना त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ती परत घेतली नाही. "बरी शे." मग त्याने मुद्दामच सुरू केलं. चिंच दुप्पट. "बरी शे." लवंगी मिरच्या इतक्या की त्याला स्वतःला चाखल्यावर ओट्याला धरून उभं राहावं लागलं. कुसाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिने ते पदराने टिपलं आणि म्हणाली, "बरी शे."

त्या दुपारी रंगनाथ पहिल्यांदा घाबरला.

कंपनीत एकदा एक गेज बिघडलं होतं. काटा मध्यावर अडकला होता आणि काहीही लावलं तरी तो मध्यावरच राही. जाड, पातळ, वाकडं, सगळं पास. अडकलेला काटा कोणाच्या लक्षात येईपर्यंत तीन ट्रक माल गेला होता. तेव्हा त्यांचा जुना साहेब म्हणाला होता, खराब मालाला भिऊ नका रे, तो निदान दिसतो. मेलेल्या काट्याला भ्या. रंगनाथने आईकडे पाहिलं. ती खिडकीतून बघत होती. आई जेवत नाही, ही आता त्याची काळजी राहिली नाही. आई आहे की नाही, एवढंच त्याला कळायला हवं होतं. अडकलेल्या काट्याचा अर्थ त्याच्याइतका कोणाला ठाऊक नव्हता. त्याचा स्वतःचाही बराच काळ मध्यावरच होता.

रात्रीच्या जेवणानंतर तो मोहिनीला म्हणाला, "तोडून बघण्याची टेस्ट असते आमच्यात."

"कसली?"

"शंभरातला एक नग मुद्दाम तोडायचा. किती जोर सोसतो ते त्याशिवाय कळत नाही."

मोहिनीने वह्या तपासायच्या थांबवल्या. "काय तोडणार आहात?"

"चटणीत एक चमचा दही."

"काशीला सोडलंय त्यांनी."

"मीपण दोडका सोडलाय."

"तुमचा दोडका आणि त्यांचं दूध एका तागडीत घालू नका. आणि कळलं नाही त्यांना, तर?"

"तर कळेल."

"काय कळेल?"

मोहिनीने पुन्हा वह्या ओढल्या. "मी यात नाही," ती म्हणाली. सकाळी ती शाळेत गेली तेव्हा दह्याचं पातेलं फ्रीजमधून बाहेर, ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी होतं. ते तिथे कसं आलं हे रंगनाथने विचारलं नाही.

त्याने तीळ भाजले. आता हात बसला होता. तडतड सुरू होताच कढई उतरवली. लसूण, मिरची, जिरं, मीठ, चिंच नेहमीइतकी, थोडी कमी. पाणी. आणि एक चमचा दही. रंग बदलला नाही. वास बदलला नाही. त्याने स्वतः चाखून पाहिली. दही आहे हे माहीत असूनही त्याला ते सापडलं नाही. निरीक्षक म्हणून त्याने ती पास केली असती.

कुसाबाईने भाकरी बुडवली. तुकडा तोंडात घातला. जबडा दोनदा हलला, आणि थांबला.

मिक्सरचं भांडं हातात धरून रंगनाथ दारात उभा होता. आता ती "बरी शे" म्हणाली, तर काय करायचं हे त्याने ठरवलं नव्हतं.

कुसाबाईने घास वाटीत थुंकला.

"दही टाकेल शे यामा!"

"माय..."

"दही टाकेल शे! कोणी टाकं? तू टाकं?" ती उठली. ती अशी झटक्यात उठते हे घर विसरून गेलं होतं. "तुले काय वाटनं, मनी जीभ मरी गई? मनी जीभ! आठे तिखटना डोंगर खाले लाया, मीठ नई टाकं, कडू राख खाले लाई, मी बोलनू का? नई बोलनू! म्हणून तू दही टाकशी?"

"मीठ नव्हतं हे कळलं होतं तुला?"

"नई कळाले काय व्हयनं? मी काय दगड शे का?" तिने वाटी उचलली. रंगनाथने डोकं वाकवलं, पण ती फेकण्यात मुरलेली बाई होती. वाटी बरोबर मोरीत जाऊन पडली. "काशीले जाईसन सोडेल शे मी! तुनासारखा दोडका नई सोडा!"

"मग दूधच का सोडलंस? दुसरं काही सोडायचं. डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टरले काय कळस." तिचा आवाज एकदम खाली आला, पण पडला नाही. "तुना बाप रोज गिलासमा दोन घोट ठेवे मनासाठी. उष्टं म्हणीसन मी रोज बोलू. रोज ठेवे. आते कोण ठेवस?"

रंगनाथला हे माहीत नव्हतं. म्हणजे त्याने ते पाहिलेलं होतं, वर्षानुवर्षं, रोज संध्याकाळी. आबांचा पेला, तळाशी दूध, माय म्हणायची, आख्खं पेता नई येत का. त्याने ते भांडणाच्या रकान्यात टाकून दिलं होतं.

कुसाबाई त्या दिवशी जेवली नाही, पण गप्पही बसली नाही. नेम मोडला होता आणि तो जोडायला काशीला जायला हवं होतं, आत्ताच्या आत्ता. मोहिनी शाळेतून आली तेव्हा जिन्यातच तिला सासूचा आवाज ऐकू आला. ती पायरीवर थांबली, पर्स खांद्यावर नीट केली, आणि आत येऊन म्हणाली, "आई, काशी कशाला? गंगा इथेच आहे. गोदावरी म्हणजे दक्षिणगंगाच ना?"

कुसाबाईने विचार केला. "शे," ती नाइलाजाने म्हणाली. "पण तुना हातना चहा नई पेवाव मी आज."

"तुम्ही चहा सोडलाय, आई."

"सोडेल नसता तरी नई पेती."

मोहिनी स्वयंपाकघरात गेली आणि रंगनाथने पाहिलं, ती भिंतीकडे तोंड करून हसत होती. निदान त्याने तसा समज करून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं रिक्षाने रामकुंडावर गेले. तिथे एका गुरुजींनी त्यांना पायरीवर बसवलं आणि प्रकरण ऐकून घेतलं.

"नकळत घडलं ना? मग दोष नाही."

"कळून घडलं," रंगनाथ म्हणाला.

"कोणाला कळून?"

"मला."

"मग दोष तुम्हाला. आजी मोकळ्या."

कुसाबाईला हे मुळीच पटलं नाही. "माले दोष नई, मंग मी आठे कसाले येल शे? रिक्षामा बसाले?"

गुरुजींनी यजमानांचे बरेच प्रकार पाहिले होते, पण दोष मागून घेणारी ही पहिलीच असावी. त्यांनी गोदावरीकडे पाहिलं. "बरं. मोडला तो नेम मोडला, तो काही पुन्हा जोडता येत नाही. हवं तर त्याच्या जागी दुसरं काही सोडा."

"म्हणजे दूध चालेल त्यांना?" मोहिनीने पटकन विचारलं.

"तो नेम उरला कुठे आता?"

कुसाबाईने पाण्यात हात बुडवला. ओंजळ भरली. मान वळवून मुलाकडे पाहिलं, असं की सोडायची वस्तू त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेली असावी.

"याना हातनी तीळनी चटणी," ती म्हणाली.

मोहिनीला ठसका लागला. गुरुजींनी मात्र हात वर केला. ते आपल्या कामात चोख होते.

"आजी, सोडायची वस्तू आवडीची असावी लागते. नाहीतर त्याला अर्थ नाही. ही चटणी तुम्हाला प्रिय आहे का?"

बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं. शेजारी कोणीतरी तांब्या घासत होतं. रंगनाथला गंगेच्या काठी सोडलेला आपला दोडका आठवला, आणि त्याला कोणीच हा प्रश्न विचारला नव्हता हेही.

कुसाबाईने खाली पाहिलं. ओंजळीत आता जेमतेम थेंबभर उरलं होतं.

"शे," ती म्हणाली, आणि ओंजळ सोडली.

परतीच्या रिक्षात रंगनाथ त्या एका शब्दावर पास की रिजेक्ट ते ठरवत होता. कडू, अळणी, जाळणारी, दह्याने बाटलेली. असा माल कोणाला प्रिय असतो? पण नदीवर, हातात पाणी घेऊन, माय खोटं बोलत नाही. त्याने ते तसंच ठेवलं. कंपनीत अशा नगांसाठी वेगळा ट्रे असायचा, निर्णय बाकी असलेल्यांचा. कधी कधी ते तिथे वर्षभर पडून राहायचे.

संध्याकाळी मोहिनीने दूध तापवलं आणि पेल्यात ओतून सासूपुढे ठेवलं, बशीत कुस्करलेली भाकरी वेगळी. कुसाबाईने भाकरी दुधात घातली नाही. आधी पेला उचलला, एक घोट घेतला, तोंडात घोळवला.

"दूधमा पाणी शे."

"असेल हो, आई," मोहिनी म्हणाली.

"असेल नई, शे. अर्धं पाणी शे. तुमले दोन्ही जणले कळत नई का? कवपासून पेत शेतस हाई?"

मग तिने भाकरी कुस्करली, खाल्ली, सगळी खाल्ली, भाकरीला पापुद्रा नाही हेही सांगितलं, आणि खिडकीपाशी जाऊन बसली. पेला ताटाशेजारी तसाच राहिला. रंगनाथ भांडी उचलायला आला. पेल्याच्या तळाशी दूध होतं. त्याने मोजलं नाही. मोरीशी नेऊन ओतणार तोच मागून आवाज आला, "फेकजो नको."

त्याने उभ्या उभ्याच पिऊन टाकलं. कोमट होतं, गोड नव्हतं, आणि पाणी होतं. बरंच होतं. ते इतके महिने त्याला कळलं नव्हतं आणि आता ते जिभेवर स्पष्ट लागत होतं, जसा एखादा काटा हळूच, केसभर सरकावा. जास्त नाही. त्याने पेला विसळून पालथा घातला.

सकाळी बहिरू जिना चढून आला, न खोकता. रंगनाथ दारात उभा होता.

"बहिरू, दुधात पाणी असतं."

"नाय हो साहेब. गाईचं दूध हे, पातळच असतंय. तुम्ही इतक्या दिवसात कधी काय बोलले नाय, आज कोण म्हणतंय?"

"आमची आई."

बहिरूने किटली खाली ठेवली. त्याने आत डोकावून पाहिलं, मग रंगनाथकडे, मग पुन्हा आत. आतून कोणीतरी म्हणत होतं की पोह्यात मीठ नाही.

"आजी बोलाया लागल्या का?"

"हो."

बहिरूने माप परत किटलीत ओतलं. "मंग थांबा जरा," तो म्हणाला, "खाली दुसरी किटली हे." आणि जिना उतरू लागला.